माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर आणि कोळंबीतील जिवाणूजन्य रोग : उपयोग किती, मर्यादा कोणत्या

मरळ किंवा तिलापिया हातात धरला की सुळकन निसटतो. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्वचेतून सतत पाझरणारा श्लेष्मल स्राव. पाण्यातील जिवाणूंना अंगात शिरू न देणे हे या थराचे एक मुख्य काम आहे. कोळंबी संवर्धनात व्हिब्रिओ जिवाणूंमुळे होणारे नुकसान वाढत गेले, तसा या थराकडे संशोधकांचा आणि पाठोपाठ शेतकऱ्यांचाही ओढा वाढला. आता ‘माशाच्या स्रावापासून बनवलेले’ असे सांगून काही द्रावणेही तलावावर पोहोचू लागली आहेत. त्यामुळे या विषयात प्रयोगातून काय सिद्ध झाले आहे आणि कशावर पैसे घालू नयेत, हे तुम्हाला माहीत असायला हवे.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. या थराचा उपयोग करायचा असेल तर तो जिवंत माशामार्फत आणि तो मासा ज्या पाण्यात वाढतो त्या पाण्यामार्फत करावा. बाटलीतील औषध म्हणून त्याचा भरवसा आज धरता येत नाही.

थरात काय असते?

आपल्या कातडीचा बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. माशाची त्वचा मात्र वरपर्यंत जिवंत असते. तिच्यातील गॉब्लेट पेशी म्युसिन नावाची प्रथिने सोडतात. ती पाण्यात फुगतात आणि थर तयार होतो. जुना थर झडतो, नवा येतो. त्याला चिकटलेले जिवाणू झडणाऱ्या थराबरोबर निघून जातात. हे झाले केवळ यांत्रिक संरक्षण.

याशिवाय थरात जिवाणूंना थेट मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे घटक असतात. लायसोझाइम हे विकर जिवाणूची पेशीभित्तिका तोडते. लेक्टिन प्रकारची प्रथिने जिवाणूंना एकत्र चिकटवतात. सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो प्रतिजैविक पेप्टाइडचा. ही अमिनो आम्लांची लहान साखळी असते. तिच्यावर धन विद्युतभार असल्याने ती जिवाणूच्या ऋणभारित पटलाला चिकटते आणि त्याला भोके पाडते. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील विंटर फ्लाउंडर या चपट्या माशाच्या त्वचेच्या स्रावातून १९९७ मध्ये प्लुरोसिडिन हे २५ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वेगळे करण्यात आले. पुढच्याच वर्षी एका आशियाई कॅटफिशमधून पॅरासिन हे पेप्टाइड मिळाले. ते त्वचेला जखम झाल्यावर तयार होते. तिलापियातही पिसिडिन गटातील पेप्टाइड सापडली असून तैवानमध्ये त्यांवर बरेच काम झाले आहे.

निमखाऱ्या पाण्यात एक अडचण येते. क्षार वाढले की अनेक पेप्टाइडची ताकद कमी होते, कारण पाण्यातील सोडियम आणि मॅग्नेशियम त्यांना जिवाणूच्या पटलाला चिकटू देत नाहीत. प्लुरोसिडिन आणि पिसिडिन गटातील काही पेप्टाइड याला अपवाद आहेत. ती खाऱ्या पाण्यातही काम करतात. म्हणूनच गोड्या पाण्यातील माशाच्या स्रावाचा प्रयोगशाळेत आलेला चांगला निष्कर्ष २० पीपीटी क्षारतेच्या तलावाला जसाच्या तसा लावता येत नाही.

कोळंबीला बाहेरच्या मदतीची गरज का भासते? कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तिचे संरक्षण रक्तपेशी, कवच आणि पेनिडिनसारख्या तिच्या स्वतःच्या पेप्टाइडवर चालते. एकदा झालेल्या रोगाची दीर्घकाळ टिकणारी ‘आठवण’ तिला राहत नाही, त्यामुळे माशांप्रमाणे लसीकरणाचा सोपा मार्गही नाही. पाण्यातील आणि गाळातील व्हिब्रिओची संख्या आटोक्यात ठेवणे हाच कोळंबीला वाचवण्याचा मुख्य उपाय राहतो.

फिलिपिन्समधील हिरव्या पाण्याची पद्धत

या विषयातील सर्वांत उपयोगी अनुभव फिलिपिन्समधील नेग्रोस बेटाचा आहे. तेथे टायगर कोळंबीचे मोठे संवर्धन होते. १९९० च्या दशकाच्या मध्याला प्रकाशमान व्हिब्रिओ, म्हणजे मुख्यतः व्हिब्रिओ हार्वेयी, या जिवाणूने तेथील तलाव पार झोपवले. बीज सोडल्यानंतर पहिल्या महिना-दीड महिन्यातच मरतूक होई. प्रतिजैविके वापरून झाली, पाणी बदलून झाले, फरक पडला नाही. तेव्हा काही शेतकऱ्यांनी वेगळी वाट धरली. साठवण तलावात तिलापिया सोडायचा, पाणी हिरवे होऊ द्यायचे आणि तेच पाणी कोळंबीच्या तलावात घ्यायचे. काहींनी कोळंबीच्या तलावातच मधोमध जाळीचा पिंजरा लावून त्यात तिलापिया ठेवला. अशा तलावांत प्रकाशमान जिवाणू कमी राहतात, असे दिसले. ही पद्धत आधी शेतकऱ्यांनी रुळवली आणि शास्त्रज्ञांनी तिची कारणे नंतर शोधली, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

कारणांचा शोध इलोइलो येथील सीफडेक या आग्नेय आशियाई मत्स्यविकास केंद्राच्या मत्स्यसंवर्धन विभागाने घेतला. २००४ आणि २००५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगासाठी तिलापिया हॉर्नोरम ही जात वापरली होती. टाक्यांमधील प्रयोगात दिसले की पाण्याच्या प्रमाणात माशांचे एकूण वजन पुरेसे असेल तरच प्रकाशमान जिवाणू घटतात. नावापुरते चार मासे सोडून उपयोग होत नाही.

दुसरा निष्कर्ष त्याहून महत्त्वाचा आहे. तिलापियाच्या त्वचेच्या स्रावाने पहिल्या ६ ते ४८ तासांत प्रकाशमान व्हिब्रिओची वाढ रोखली. मात्र पुढील दिवसांत हा परिणाम टिकला नाही. त्याच अभ्यासात हिरव्या पाण्यातील सूक्ष्म शेवाळही तपासले गेले. किटोसेरॉस आणि नित्झशिया या डायटम शेवाळांनी व्हिब्रिओची वाढ पूर्ण रोखली आणि त्यांचा परिणाम स्रावापेक्षा जास्त काळ राहिला. पाण्यातील काही जिवाणू आणि बुरशी तसेच माशाच्या आतड्यातील काही जिवाणू यांनीही व्हिब्रिओला विरोध केला.

यातून तुमच्या कामाचे असे निघते. स्रावाचा परिणाम खरा आहे, पण तो दोन दिवसांचा आहे. मासा जिवंत असेल तर तो रोज नवा स्राव सोडतो, म्हणून परिणाम चालू राहतो. शिवाय माशाच्या विष्ठेतील पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढते आणि ते शेवाळ व्हिब्रिओला दाबते. तिलापिया तळाशी आणि पाण्यात तरंगणारा सेंद्रिय कचराही खातो. यातले किती श्रेय स्रावाचे आणि किती शेवाळाचे, हे तलावात वेगळे काढणे अवघड आहे. आम्हाला तरी शेवाळाचा वाटा मोठा वाटतो.

बाटलीतील स्रावाचा हिशेब

तुमच्याकडे कोणी असे उत्पादन घेऊन आले तर वहीवर एक गणित मांडा. एक एकराचा, म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटरचा तलाव आणि पाण्याची खोली सव्वा मीटर धरा. पाणी झाले ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर. त्यात एक लिटर द्रावण टाकले तर प्रमाण पडते ०.२ पीपीएम. प्रयोगशाळेत शुद्ध पेप्टाइडला जिवाणूची वाढ रोखण्यासाठी बहुधा दर लिटरला काही मिलिग्रॅम मात्रा लागते. ५ मिलिग्रॅम धरले तरी या एका तलावाला २५ किलो शुद्ध पेप्टाइड लागेल. तेही एका वेळेपुरते, कारण पाण्यातील आणि गाळातील विकरे पेप्टाइडचे तुकडे करतात. बाटलीत तर शुद्ध पेप्टाइड नसते, पातळ अर्क असतो.

प्रयोगशाळेच्या तबकडीवर अर्काच्या चकतीभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते. अशी छायाचित्रे माहितीपत्रकावर छापलेली असतात. ते वर्तुळ खरे असू शकते. पण तबकडीवर अर्क एका ठिकाणी घट्ट असतो, तलावात तो ५० लाख लिटरमध्ये पसरतो.

मग खाद्यात मिसळला तर? हा प्रश्न रास्त आहे, कारण व्हिब्रिओ कोळंबीच्या पोटात आणि यकृत-स्वादुपिंडात नुकसान करतो आणि खाद्यातील मात्रा तेथपर्यंत पोहोचू शकते. या दिशेने संशोधन सुरू आहे. पेप्टाइड यीस्टमध्ये तयार करून खाद्यातून देण्याचेही प्रयोग होतात. मात्र खाद्य पाण्यात पडल्यावर होणारी झीज, कोळंबीच्या पचनरसात पेप्टाइडचे तुटणे आणि उत्पादनखर्च हे तिन्ही प्रश्न शेतावर सुटलेले नाहीत.

घरच्या घरी माशांची बुळबुळ खरवडून खाद्यावर चोळण्याचा किंवा तलावात ओतण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. खरवडताना त्वचेवरचे आणि आतड्यातले जिवाणूही त्यात येतात. शिवाय म्युसिन म्हणजे साखर जोडलेली प्रथिने, आणि ती जिवाणूंचे खाद्यही होऊ शकते. व्हिब्रिओ अँग्विलारम हा माशांचा रोगजंतू सामन माशाच्या आतड्यातील श्लेष्मल स्रावावर चांगला वाढतो, असे प्रयोगात दिसले आहे. जिवंत माशाच्या अंगावर जो थर राखणदार असतो, तोच बादलीत पडून राहिला की जिवाणूंची मेजवानी ठरू शकतो.

कोणत्या रोगात विचार करावा?

प्रकाशमान व्हिब्रिओसिसबाबत पुरावा सर्वांत चांगला आहे. हा रोग ओळखण्याची सोपी पद्धत म्हणजे रात्री दिवे बंद करून, डोळे अंधाराला सरावल्यावर चेक ट्रेमधील कोळंबी पाहणे. जिवाणूमुळे येणारा प्रकाश हिरवट-निळसर आणि स्थिर असतो. पाणी ढवळल्यावरच चमकून विझत असेल तर तो बहुधा प्लवंगांचा असतो, त्याने घाबरून जाऊ नये.

दुसरा रोग ईएमएस, म्हणजेच एएचपीएनडी. तो २००९ मध्ये प्रथम चीनमध्ये दिसला आणि पुढे व्हिएतनाम, थायलंडमध्ये पसरला. व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकसच्या विशिष्ट प्रकारामुळे तो होतो, हे २०१३ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने दाखवले. या जिवाणूकडे विष तयार करणारी जनुके प्लास्मिडवर असतात. बीज सोडल्यापासून साधारण ३५ दिवसांच्या आत मरतूक, फिकट आणि आकसलेले यकृत-स्वादुपिंड, रिकामे आतडे ही त्याची लक्षणे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. विष एकदा तयार झाले की जिवाणू मारून ते नाहीसे होत नाही. हिरव्या पाण्याचा उपयोग झालाच तर तो आधीपासून व्हिब्रिओ कमी ठेवण्यापुरता होईल. रोग लागल्यावर मासे आणून सोडण्यात अर्थ नाही.

पांढरे ठिपके हा विषाणूजन्य रोग आहे आणि ईएचपी हा सूक्ष्म परजीवीमुळे होतो. या दोन्हींवर ही पद्धत उपाय नाही. पांढऱ्या विष्ठेच्या तक्रारीत ईएचपी आणि व्हिब्रिओ अनेकदा एकत्र असतात. तेव्हा फक्त व्हिब्रिओ कमी करून पूर्ण फरक पडत नाही. म्हणून मरतूक सुरू झाली की आधी पीसीआर तपासणी करा, उपाय त्यानंतर ठरवा.

करून पाहायचे असेल तर

पहिली अट परवानगीची. खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यातील शेतीसाठी कोस्टल ॲक्वाकल्चर ॲथॉरिटीची नोंदणी लागते. तिलापिया ही परदेशी जात आहे. तो आपल्या नद्या-तलावांत पसरून स्थानिक माशांना त्रासदायक ठरला आहे. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला, त्याचे परिणाम आजही दिसतात. म्हणून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाला विचारल्याशिवाय खाडीकाठच्या तलावात तिलापिया आणू नये. परवानगी मिळाली तरी मान्यताप्राप्त केंद्रातील सर्व नर बीजच घ्यावे. मिश्र बीज असेल तर काही महिन्यांत पिल्लांनी तलाव भरतो.

तिलापियाऐवजी बोय किंवा मिल्कफिश चालेल का, असे कोकणातील शेतकरी विचारतात. या माशांच्या अंगावरही श्लेष्मल थर असतोच, पण व्हिब्रिओविरुद्ध कोळंबी तलावातील सर्वाधिक अभ्यास तिलापियावर झाला आहे. त्याचे निष्कर्ष दुसऱ्या माशावर चिकटवू नका. जिताडा मात्र कोळंबीबरोबर कधीच नको. त्याचा स्राव कितीही गुणकारी असला तरी तो आधी कोळंबी खाईल. गोव्यातील आणि कोकणातील खाजणांत मासे आणि कोळंबी पूर्वापार एकत्र वाढतात. तेथे साठवणूक अगदी विरळ असते आणि भरती-ओहोटीने पाणी बदलते. त्या अनुभवावरून दाट व्हनामी तलावाचे आडाखे बांधता येणार नाहीत.

मासे मोकळे सोडण्यापेक्षा साठवण तलावात ठेवणे आम्हाला अधिक बरे वाटते. मोकळा तिलापिया कोळंबीचे महागडे खाद्य खातो, तळ ढवळतो आणि काढणीच्या वेळी अडचण करतो. साठवण तलावातील क्रम मात्र चुकवू नका. बारीक जाळीतून गाळून पाणी घ्या, शिफारस केलेल्या मात्रेत ब्लीचिंग पावडर टाका, क्लोरीन पूर्ण उतरल्याचे किटने तपासा आणि मगच मासे सोडा. उलट केले तर मासेही मरतील आणि शेवाळही. मासे सोडण्यापूर्वी वेगळ्या टाकीत काही दिवस निरीक्षणाखाली ठेवा. अंगावर जखमा किंवा पांढरट जाड थर दिसणारे मासे घेऊ नका. आजारी किंवा प्राणवायू कमी पडलेला मासाही जास्त स्राव सोडतो. तो त्रासाचे लक्षण असतो, ताकदीचे नाही.

पाणी हिरवे होऊन रंग स्थिर झाला की ते थोडे थोडे कोळंबीच्या तलावात घ्या. सेची तबकडी ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी व्हावी. सामू ७.५ ते ८.५ दरम्यान आणि सकाळ-संध्याकाळचा फरक अर्ध्या अंकाच्या आत राहावा. पहाटेचा विरघळलेला प्राणवायू दर लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. शेवाळ दाट झाले की रात्री तेच प्राणवायू ओढते आणि ढगाळ हवेत एकदम मरून तळाशी बसले तर व्हिब्रिओला आयते खाद्य मिळते. कोकणात पावसाळ्याच्या सुरुवातीला क्षारता झपाट्याने उतरते आणि शेवाळाची जात बदलते. त्या काळात ही पद्धत नव्याने सुरू करू नका.

परिणाम मोजल्याशिवाय पटवून घेऊ नका. शक्य असल्यास एक तलाव या पद्धतीने आणि शेजारचा नेहमीच्या पद्धतीने चालवा. बीज एकाच हॅचरीचे, एकाच दिवशी सोडलेले असावे. दर आठवड्याला ठरावीक वेळी दोन्ही तलावांचे पाणी टीसीबीएस माध्यमावर तपासून घ्या. पिवळ्या आणि हिरव्या वसाहती वेगळ्या मोजा. व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकस हिरव्या वसाहती देतो, पण केवळ रंगावरून जिवाणू विषारी आहे की नाही हे कळत नाही. संख्या अचानक चढते आहे का, याकडे लक्ष ठेवा. पाण्याबरोबर काही कोळंब्यांचे यकृत-स्वादुपिंडही तपासले तर चित्र जास्त स्पष्ट होते.

प्रतिजैविकांचा मोह

या साऱ्या खटाटोपाचे कारण प्रतिजैविकांचे अवशेष हे आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर कोळंबी संवर्धनात बंदी आहे. युरोपीय संघाने २०१६ पासून भारतातून येणाऱ्या संवर्धित कोळंबीच्या निम्म्या मालाची तपासणी सुरू केली. एका तलावातील अवशेषामुळे अख्खी खेप परत येऊ शकते आणि त्याचा फटका शेजारच्या शेतकऱ्याच्या भावालाही बसतो. काढणीपूर्वी एमपीईडीएच्या प्रयोगशाळेतून नमुना तपासून घेण्याची पद्धत यासाठीच आहे.

‘नैसर्गिक’, ‘माशाच्या स्रावाचे’ अशा नावाखाली विकल्या जाणाऱ्या पण घटक न छापलेल्या द्रावणात प्रतिजैविक मिसळलेले असेल तर जबाबदारी तुमच्यावरच येते. असे उत्पादन घेताना कोस्टल ॲक्वाकल्चर ॲथॉरिटीकडे त्याची नोंद आहे का, हे पाहा, पक्के बिल घ्या आणि बॅच क्रमांक तलावाच्या नोंदवहीत लिहून ठेवा. शंका असल्यास तलावात टाकण्याआधी त्याचा नमुना अवशेष तपासणीसाठी द्या.

रोगनिदानासाठी चेन्नईची केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्था आणि तिचे नवसारी येथील केंद्र, मुंबईतील वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरीतील शिरगावचे मत्स्य महाविद्यालय यांच्याशी संपर्क साधता येतो. नमुना पाठवताना मेलेली नव्हे, मरणासन्न पण जिवंत कोळंबी निवडा. पीसीआरसाठी ती अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेला आधी फोन करून त्याच दिवशी बर्फावर पोहोचवा.